बॅकलिंकची पारख आणि शुद्धी : ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीच्या प्रकाशात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयाचे संकेतस्थळ ही आता केवळ शोभेची वस्तू राहिलेली नाही. प्रवेशाच्या सूचना, परीक्षांची वेळापत्रके, नॅकला सादर करावयाचे वार्षिक गुणवत्ता अहवाल, माहितीच्या अधिकाराखाली स्वतःहून प्रकट करावयाची माहिती हे सर्व तेथेच ठेवले जाते. पाथर्डी, अकोले किंवा जामखेड तालुक्यातील विद्यार्थी बारावीनंतर महाविद्यालयाचा शोध घेतो तो प्रथम शोधयंत्रातून. शोधयंत्राच्या यादीत एखादे संकेतस्थळ वर दिसावे की खाली, हे ठरविणाऱ्या अनेक घटकांपैकी एक घटक म्हणजे अन्य संकेतस्थळांवरून त्याच्याकडे येणारे दुवे. यांनाच व्यवहारात ‘बॅकलिंक’ म्हटले जाते.

या दुव्यांत काही दुवे हानिकारक असतात, ते ओळखून दूर करावे लागतात, असा एक समज गेल्या काही वर्षांत दृढ झाला आहे. या समजावर एक स्वतंत्र व्यवसायही उभा राहिला आहे. संस्थेस अहवाल दिला जातो, त्यात येणाऱ्या दुव्यांपैकी अमुक टक्के दुवे ‘विषारी’ असल्याचे लाल रंगात दाखविले जाते आणि शुद्धीकरणाचे शुल्क कळविले जाते. निर्णय घेणाऱ्यांना त्या अहवालाची चिकित्सा करण्याचे साधन नसते. परिणामी एकतर भीतीपोटी शुल्क भरले जाते, नाहीतर अहवाल बाजूला ठेवला जातो. दोन्ही प्रसंगी पारख होतच नाही.

प्रस्तुत लेखात या पारखीचे निकष तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसला, तरी त्याचे मूळ स्वरूप ग्रंथचिकित्सेचे आहे. खरे कोणते, घुसडलेले कोणते, ते कोणी आणि कोणत्या पुराव्यावर ठरवावयाचे, हा तो प्रश्न होय. ज्या जिल्ह्यात नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्यातील अभ्यासकास या प्रश्नाचा एक जुना आणि मोठा दाखला जवळच उपलब्ध आहे.

दुवा म्हणजे साक्ष

दुव्याला मूल्य का आले, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रकाशित केला. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांनी केला, यावरून त्याच्या प्रभावाचा अंदाज बांधता येतो, हा विचार त्यामुळे रूढ झाला. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी तोच विचार संकेतस्थळांना लावला. त्यांच्या ‘पेजरँक’ पद्धतीत एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा ही एक साक्ष मानली गेली. शिवाय प्रत्येक साक्षीचे वजन सारखे धरले गेले नाही. ज्या पानाकडे स्वतःलाच पुष्कळ दुवे आहेत, त्याची साक्ष अधिक वजनाची ठरली.

साक्षीला किंमत आली की खोटे साक्षीदार उभे राहतात. दुव्यांच्या बाबतीतही हेच घडले. दुवे विकले जाऊ लागले, परस्परांना दुवे देणारी संकेतस्थळांची जाळी विणली गेली, अभिप्रायांच्या जागी यंत्राद्वारे लक्षावधी दुवे टाकले गेले. हा उपद्रव आवरण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये प्रमुख शोधयंत्रांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. तिचा अर्थ असा की, या दुव्याला लेखकाची साक्ष समजू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने पैसे घेऊन दिलेल्या आणि वाचकांनी टाकलेल्या दुव्यांसाठी आणखी दोन खुणा आणल्या.

खोट्या साक्षीचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतील जे. सी. पेनी या विक्रीसंस्थेचे आहे. विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य पानांवर या संस्थेकडे जाणारे दुवे पेरलेले असल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फेब्रुवारी २०११ मध्ये उघड केले. संस्थेने आपणास त्याची कल्पना नव्हती असे सांगितले आणि शोधविषयक सल्लागारांना दूर केले. गूगलने मात्र तिला यादीत खाली ढकलले. दुवे लावणारा एक आणि फळ भोगणारा दुसरा, ही या व्यवहाराची गुंतागुंत या प्रकरणात स्पष्ट झाली.

शिक्षेकडून दुर्लक्षाकडे

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ या नावाने ओळखला जाणारा बदल लागू केला. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाल्याचे गूगलनेच सांगितले होते. कृत्रिम दुव्यांच्या आधारे वर आलेली अनेक संकेतस्थळे त्यामुळे एकाएकी खाली गेली. दुवा आता केवळ निरुपयोगी राहिला नाही, तो अपायकारकही ठरू लागला. मग प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम वाईट दुवे लावले तर काय करावयाचे, ही रास्त भीती निर्माण झाली. त्या पार्श्वभूमीवर १६ ऑक्टोबर २०१२ रोजी गूगलने ‘डिसअव्हाऊ’ ही, म्हणजे दुवे नाकारण्याची, सोय उपलब्ध करून दिली.

या सोयीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. तिच्यामुळे कोणताही दुवा पुसला जात नाही. दुवा परक्याच्या पानावर असतो, तो तेथेच राहतो. संकेतस्थळाचा धनी एक साधी मजकूर-धारिका सादर करतो आणि ‘यांची साक्ष माझ्या बाजूने धरू नये’ अशी विनंती करतो. एका ओळीत एक पत्ता किंवा एक संपूर्ण डोमेन लिहावयाचे असते. एक लाख ओळी आणि दोन मेगाबाइट ही तिची मर्यादा आहे. नवी यादी चढविली की जुनी रद्द होते. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागू शकतात, कारण ती पाने शोधयंत्राने पुन्हा वाचावी लागतात.

पुढचा बदल अधिक महत्त्वाचा आहे आणि शुद्धीकरणाच्या अहवालांत तो सहसा सांगितला जात नाही. २३ सप्टेंबर २०१६ रोजी जाहीर झालेल्या पेंग्विनच्या चौथ्या आवृत्तीपासून वाईट दुव्यांबद्दल संपूर्ण संकेतस्थळास खाली ढकलण्याऐवजी त्या दुव्यांचे मोलच शून्य करण्याकडे गूगलचा कल झाला. डिसेंबर २०२२ मध्ये ‘स्पॅमब्रेन’ या यंत्रणेच्या साहाय्याने असे दुवे निष्प्रभ करण्याचे काम आणखी विस्तारले गेले. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राने तर दुवे नाकारण्याची आपली सोय २०२३ मध्ये बंदच केली. गूगलची सोय चालू राहिली, परंतु तिचा वापर दोन अटी एकत्र पूर्ण होत असतील तरच करावा, असे मार्गदर्शन गूगल करते. पहिली अट, कृत्रिम दुव्यांची संख्या लक्षणीय असावी. दुसरी, त्यांच्यामुळे माणसांकरवी होणारी कारवाई झालेली असावी किंवा होण्याचा संभव असावा. त्याआधी ते दुवे मूळ पानांवरूनच काढून घेण्याचा प्रयत्न करणेही अपेक्षित आहे.

येथे शोधयंत्रावरही टीका करणे भाग आहे. कोणते दुवे मोजले आणि कोणते सोडून दिले, हे गूगल सांगत नाही. ‘सर्च कन्सोल’मध्ये दिसणारी दुव्यांची यादी हा केवळ एक नमुना असतो. नियम करणारा, निवाडा देणारा आणि पुनर्विचाराचा अर्ज ऐकणारा एकच असतो. या अपारदर्शकतेतूनच भीती जन्माला येते आणि भीतीवर बाजार चालतो. दोष केवळ अहवाल विकणाऱ्यांचा नाही.

नेवासे आणि पैठण : पाठशुद्धीचा धडा

परंपरेनुसार शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, नेवासे येथे पैस खांबाशी बसून ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हातोहात नकलली गेली. नकलताना चुका झाल्या, शब्द बदलले, भाविकांनी आपल्या ओव्या मिसळल्या. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, हा ग्रंथ शुद्ध केला. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांनी तो बिघडला, अशी भूमिका त्यांनी ग्रंथाच्या शेवटी मांडली. यापुढे जो कोणी ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असा इशाराही दिला.

दुवा आणि ओवी यांत फरक आहे, हे उघड आहे. प्रक्षिप्त ओवी ग्रंथाच्या आत शिरते, तर बॅकलिंक बाहेर राहून आपल्याकडे बोट दाखविते. ओवी गाळता येते, दुवा फक्त नाकारता येतो. परंतु दोन्ही ठिकाणी प्रतिष्ठित नावाच्या आधाराने परका मजकूर स्वतःचे मोल वाढवू पाहतो किंवा त्या नावाला खोटी भर घालतो आणि दोन्ही ठिकाणी निवड करणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते.

एकनाथांच्या कार्यातून या दृष्टीने दोन गोष्टी शिकता येतात. पहिली गोष्ट अधिकाराची. त्यांनी शुद्धी केली ती ग्रंथाचा दीर्घ व्यासंग केल्यानंतर. ओवीची भाषा, तिचा मागच्या-पुढच्या ओव्यांशी असलेला सांधा, ज्ञानदेवांची विचारसरणी यांचा परिचय नसलेल्या माणसाला असा निर्णय घेता येणार नाही. दुसरी गोष्ट पुराव्याची आहे आणि ती आदर राखूनच मांडली पाहिजे. नाथांनी कोणत्या ओव्या गाळल्या आणि का गाळल्या, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. त्यांचा पाठ इतका मान्य झाला की आधीच्या पाठांच्या प्रती मागे पडल्या. म्हणूनच विसाव्या शतकात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना नाथपूर्व पाठाचा शोध घ्यावासा वाटला आणि आपल्याला मिळालेल्या प्रतीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. तिच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत वाद झाले. गाळलेल्याची नोंद असती, तर या वादाला अधिक भक्कम जमीन लाभली असती. शुद्धी करणारा कितीही अधिकारी असला, तरी त्याने काय काढले याची नोंद ठेवणे हा पुढील पिढीचा हक्क आहे.

यादीचा मोह

प्रत्येक साक्ष स्वतंत्रपणे वाचणे कष्टाचे असते. म्हणून तयार यादीचा मोह होतो. या मोहाचा अनुभव आपल्या शिक्षणक्षेत्राने नुकताच घेतला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. तीत पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके शिरल्याचे दिसून आले आणि मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकली. या सफाईत काही चांगली नियतकालिकेही गेल्याची तक्रार त्या वेळी झाली. त्यानंतर ‘केअर’ ही नवी यादी आली. तिचे काम ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे होते, त्याच विद्यापीठाशी आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये संलग्न आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीही बंद केल्याचे जाहीर केले आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांकडे व अभ्यासकांकडे परत आली.

यादीने वाचनाची जागा घेतली की आधी वाईट आत शिरते आणि मग चांगले बाहेर जाते. दुव्यांच्या ‘विषारी गुणांका’चे स्वरूप याहून वेगळे नाही. हा गुणांक शोधयंत्र देत नाही. तो खासगी साधने आपापल्या सूत्राने काढतात. विषारी दुव्यांची ही कल्पना साधने विकणाऱ्यांची आहे, या आशयाचे स्पष्टीकरण गूगलचे जॉन म्युलर यांनी वेळोवेळी दिले आहे.

या गुणांकाचा मराठी संकेतस्थळांना विशेष धोका संभवतो. स्थानिक इतिहासाचा एखादा हौशी अभ्यासक आपल्या ब्लॉगवर वर्षातून चार लेख लिहितो आणि त्यात महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील हस्तलिखितांच्या सूचीकडे दुवा देतो. त्या ब्लॉगला वाचक थोडे, त्याच्याकडे येणारे दुवे त्याहून थोडे, मांडणी जुनी, भाषा मराठी. आकडेमोडीच्या दृष्टीने ही सर्व दुर्बलतेची लक्षणे होत. साक्षीच्या दृष्टीने मात्र हा दुवा अस्सल आहे, कारण एका माणसाने वाचून, गरज वाटून तो दिला आहे. असा दुवा यादीत टाकून नाकारणे म्हणजे आपणच आपला खरा साक्षीदार परत पाठविणे होय.

पारखण्याची रीत

मग हानिकारक दुवा ओळखावा कसा? प्रस्तुत लेखकाच्या मते चार प्रश्न क्रमाने विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : हा दुवा आपल्या कोणत्या पानाकडे येतो? या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. परकीय भाषांतील जुगाराचे किंवा औषधविक्रीचे दुवे जर आपण कधी तयारच न केलेल्या पानांकडे येत असतील, तर दोष दुव्यांचा नसून आपल्या संकेतस्थळात कोणीतरी घुसखोरी करून ती पाने निर्माण केली आहेत. अशा घुसखोरीत जपानी मजकुराची हजारो पाने तयार होण्याचा प्रकार तर स्वतंत्र नावाने ओळखला जातो. शिक्षणसंस्थांच्या पत्त्यांना विश्वासार्हता असल्यामुळे त्या अशा घुसखोरांच्या विशेष आवडीच्या असतात. येथे दुवे नाकारून काहीही साधत नाही. घुसखोरीची वाट बंद करणे, प्रणाली अद्ययावत करणे, परवलीचे शब्द बदलणे, ती पाने काढून टाकणे आणि त्यांच्या पत्त्यावर ‘पान अस्तित्वात नाही’ असे उत्तर मिळेल याची खात्री करणे, हाच उपाय. ताप उतरविण्यापूर्वी तापाचे कारण शोधावे लागते.

दुसरा प्रश्न : हा दुवा आपण लावला आहे काय, किंवा आपल्यासाठी कोणी पैसे देऊन लावला आहे काय? संस्थेने कधीकाळी प्रसिद्धीचे कंत्राट दिले असेल, तर त्याची कागदपत्रे पाहावीत. खऱ्या कारवाईचा संभव येथेच असतो आणि नाकारण्याची सोयही मुख्यतः याच प्रसंगासाठी आहे.

तिसरा प्रश्न : दुव्याचा शब्द आणि त्याच्या भोवतीचा मजकूर यांचा सांधा जुळतो काय? प्रक्षिप्त ओवी जशी आजूबाजूच्या ओव्यांत परकी वाटते, तसा पेरलेला दुवा त्या परिच्छेदात उपरा वाटतो. शेकडो पानांवर अगदी एकाच शब्दरचनेचे दुवे असतील, तर ते स्वाभाविक नव्हेत. माणसे एकाच संस्थेचा उल्लेख वेगवेगळ्या प्रकारे करतात.

चौथा प्रश्न : सर्च कन्सोलमध्ये कृत्रिम दुव्यांबद्दल कारवाईची सूचना आली आहे काय? ती नसेल आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही नकारार्थी असेल, तर यंत्रांनी आपोआप निर्माण केलेल्या निरर्थक दुव्यांकडे दुर्लक्ष करणे हीच योग्य कृती ठरते. दुर्लक्ष हासुद्धा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

या चार प्रश्नांतून जे दुवे नाकारण्यास पात्र ठरतील, त्यांची कारणेही लिहून ठेवावीत. नकाराच्या धारिकेत ज्या ओळीच्या आरंभी हॅश चिन्ह असते, ती शोधयंत्र वाचत नाही. परंतु तीच ओळ पुढील माणसासाठी असते. दुवा केव्हा पाहिला, कोणी पाहिला, मूळ पानाच्या धन्यास कधी कळविले, का नाकारला, हे तेथे लिहिता येते. गाळलेल्याची जी नोंद ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकांना मिळाली नाही, ती येथे एका ओळीच्या श्रमात ठेवता येते.

नामांतर आणि सुटलेले पत्ते

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या संस्थांच्या नावात किंवा पत्त्यात जुने नाव आहे, त्यांपैकी काहींना नवे डोमेन घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. येथे दोन चुका टाळल्या पाहिजेत. जुन्या नावाने आलेले दुवे ‘कालबाह्य’ म्हणून नाकारू नयेत. ते त्या काळातील अस्सल उल्लेख आहेत. तसेच जुना पत्ता नूतनीकरणाविना सोडून देऊ नये. मुदत संपलेले डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो आणि जुगाराचे संकेतस्थळ चालविणाऱ्यांना असे पत्ते हवेच असतात, कारण वर्षानुवर्षांच्या खऱ्या साक्षी त्यांच्या पदरात आयत्या पडतात. मग जुन्या शोधनिबंधांतील, शासकीय पत्रकांतील, माजी विद्यार्थ्यांच्या लेखांतील सर्व दुवे वाचकाला तेथे नेऊन सोडतात.

पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये बदलले, तरी संकेतस्थळाचा जुना पत्ता त्यानंतरही वापरात राहिला. नाव बदलताना पत्ता बदललाच पाहिजे असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. बदलावयाचाच असेल, तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमचे वळण द्यावे आणि जुने डोमेन ताब्यात ठेवावे. चांगला दुवा राखणे हे वाईट दुवा नाकारण्याइतकेच शुद्धीचे काम आहे, किंबहुना छोट्या संस्थेच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, हानिकारक बॅकलिंकचा प्रश्न जेवढा मोठा करून दाखविला जातो तेवढा तो बहुतेक शैक्षणिक संस्थांसाठी मोठा नाही आणि जेथे तो खरोखर मोठा आहे, तेथे त्याचे मूळ बहुधा संस्थेच्याच घरात असते. असुरक्षित प्रणाली, न वाचता दिलेले कंत्राट आणि सोडून दिलेला जुना पत्ता ही ती तीन मुळे होत. बाहेरून कोण आपल्याकडे बोट दाखवितो यावर आपली सत्ता नसते. आपल्या अंगणात काय उगवते यावर मात्र असते.

म्हणून शुद्धीकरणाचा अहवाल हाती आल्यास संस्थेने त्यातील टक्केवारीने विचलित न होता त्यातील वीस-पंचवीस दुवे प्रत्यक्ष उघडून पाहावेत. हे काम संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाइतकेच भाषेच्या प्राध्यापकाचे आणि ग्रंथपालाचे आहे, कारण मजकूर अस्सल आहे की पेरलेला, हे ओळखण्याची सवय त्यांना असते. त्या तिघांची एक छोटी समिती वर्षातून एकदा तासभर बसली, तरी पुष्कळ शुल्क आणि त्याहून अधिक भीती वाचेल. तिने आपल्या निर्णयांची वही मात्र जपून ठेवावी.